चौथ्या प्रकरणातली बाई

पत्र येऊन तीन आठवडे झाले होते आणि एलोइसाने घरी कुणालाही ते सांगितलं नव्हतं. वडील दर रविवारी फोनवर विचारायचे, "युनिव्हर्सिटी काय म्हणते?" आणि ती म्हणायची, "चाललंय, अपा." ते खोटं नव्हतं. चाललं होतंच, फक्त तिच्याशिवाय चालवायचं असं त्या लोकांनी ठरवलं होतं.

ईस्टरच्या सकाळी पाच तास गाडी हाकून ती घराशी पोचली, तेव्हा परसात रोहेलिओ खड्ड्यावरची माती फावड्याने ओढत होता. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं बैलाचं मुंडकं आदल्या संध्याकाळपासून मेस्किटच्या लाकडाच्या निखाऱ्यात शिजत होतं आणि त्या वासाने शेजारची दोन कुत्री कुंपणाला नाक लावून उभी होती. रोहेलिओ तिच्याहून चार वर्षांनी मोठा. हायस्कूलचा प्राचार्य, गेल्या निवडणुकीपासून नगरपालिकेतही. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"बारीक झालीस," तो म्हणाला.

"तू जाड झालायस. घराची सरासरी तीच आहे."

तेवढ्यात मागून तिच्या डोक्यावर टपकन काहीतरी फुटलं आणि केसांत रंगीत कागदाचे कपटे पसरले. तिया चोनिता, म्हणजे तिची आत्या, रिकामी टरफलं हातात घेऊन हसत होती. त्र्याहत्तर वर्षांची बाई, पण ईस्टरची कपटे भरलेली अंडी डोक्यावर फोडण्यात घरातली पोरंही तिच्यापुढे मागे पडत. एकतीस वर्षं ग्रेपफ्रूटच्या पॅकिंग शेडमध्ये काढल्यामुळे तिची बोटं सांध्यांत सुजलेली होती. दोन घरं सोडून ती एकटी राहायची.

"शिकलेल्या डोक्यावर जास्त छान फुटतं," चोनिता म्हणाली.

बाल्दोमेरो सामारिपा नेहमीप्रमाणे टेबलाच्या टोकाशी बसले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, टोपी मांडीवर ठेवून. अठ्ठ्याहत्तरावं सरलं होतं, तरी सरहद्दीलगतच्या त्या खोऱ्यात एकही लग्न असं नव्हतं की जिथे त्यांची अकॉर्डियनवरची गाणी वाजत नाहीत. रस्त्यात अनोळखी माणसंही त्यांना "माएस्त्रो", म्हणजे उस्ताद, म्हणायची. यंदा तर नगरपालिकेने ठराव केला होता: बागेतल्या नाचाच्या मंडपाला त्यांचं नाव द्यायचं. बावीस मेला पाटीचं अनावरण. ठराव रोहेलिओनेच मांडला होता.

जेवायला बसल्यावर सगळ्यांत आधी नेल्दाच्या लक्षात आलं. नेल्दा, रोहेलिओची बायको, काउंटीच्या कचेरीत बसायची; समोरचा माणूस काय लपवतोय हे ओळखायची तिला सवय होती.

"एलो, तू टॉर्टियात नुसतं मांस भरून ठेवते आहेस. खात नाहीयेस."

एलोइसाने टॉर्टिया खाली ठेवली. गाडीत पाच तास जुळवलेली सगळी वाक्यं त्या क्षणी तिला बेगडी वाटली.

"मला काढलं," ती म्हणाली. "कायम नेमणूक नाकारली. पुढच्या मेपर्यंत शिकवायचं, मग सामान उचलायचं."

मग बाल्दोमेरो म्हणाले, "कायम म्हणजे? सात वर्षं तू तिथे काय पाहुणी होतीस?"

"हो, अपा. तसंच असतं. सात वर्षं पाहुणी. मग घरचे ठरवतात, आत घ्यायची का नाही."

ती पाहुणी कशी राहिली होती, हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाने तुकड्यातुकड्याने ऐकलं होतं. शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून मिळालेल्या शिष्यवृत्तीवर ती गेली. पहिल्याच वर्षी संगीताच्या इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले, ज्याची स्वरलिपी नाही त्याचा अभ्यास होत नाही. आणि बापाच्या मांडीवर बसून नाचाच्या शंभर पोल्का पाठ केलेली ही मुलगी मागच्या बाकावर गप्प बसली. ती गप्प बसायची शेवटची वेळ. नंतर टेप रेकॉर्डर खांद्याला लावून तिने खोऱ्यातली प्रत्येक पडवी, प्रत्येक न्हाव्याचं दुकान पालथं घातलं, एकशे चाळीस म्हाताऱ्या वादकांना बोलतं केलं, त्यावर डॉक्टरेट मिळवली. सरहद्दीच्या संगीताचा तिचा वर्ग नऊ विद्यार्थ्यांनी सुरू झाला आणि सहाव्या वर्षी त्याला विद्यापीठातलं सगळ्यांत मोठं सभागृह लागलं. मुलं आपल्या आजोबांना वर्गात घेऊन यायची. तळघरातल्या एका कोंदट खोलीत तिने टेपांचं संग्रहालय उभं केलं. जिथे जिथे एखादा सावळा चेहरा दाखवायचा असेल त्या प्रत्येक समितीवर तिला बसवलं गेलं आणि विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात दरवर्षी तिचा फोटो छापला गेला. यंदाही छापला होता.

रोहेलिओने पेपर नॅपकिनला हात पुसले. "ठीक आहे. घरी ये. आपले बँडमास्तर जूनमध्ये निवृत्त होतायत. मी बोलतो शाळा मंडळाशी."

"बँड?"

"बँडला काय झालं? बँडमधूनच गेलीस ना तू?"

"बँडला काही झालेलं नाही. पण मी आत्ता आले तर त्यांचं म्हणणं मान्य केल्यासारखं होईल. मी अपील करणार आहे. शुक्रवारी पाचपर्यंत मुदत आहे."

"अपील करून आजवर कुणाचं भलं झालंय?"

"मग मी पहिली."

"ते पत्र आहे का जवळ?" बाल्दोमेरोंनी विचारलं. "वाच."

पत्र इंग्रजीत होतं. ती एकेक वाक्य स्पॅनिशमध्ये करून सांगू लागली. लेखिका विषयाच्या फार जवळ आहे. लग्नातल्या वादकांच्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. उत्साह स्तुत्य. पुढचा परिच्छेद गाळायचा असं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. पण रागाच्या भरात जीभ पुढे धावली आणि वाक्याच्या मध्यावर तिच्या लक्षात आलं, आपण तो वाचतोय. आता थांबलो तर जास्तच दिसेल.

"'चौथ्या प्रकरणाचा सगळा डोलारा एका अनाम स्त्रीवर उभा आहे. पॅकिंग शेडमध्ये काम करणाऱ्या या स्त्रीने अकरा गाणी रचली आणि ती एका नामवंत अकॉर्डियनवादकाच्या नावावर गेली, असा लेखिकेचा दावा आहे. ना स्त्रीचं नाव दिलं आहे, ना वादकाचं. अशी कुणी स्त्री अस्तित्वात होती, याची समितीला खात्री पटत नाही.'"

कुंपणापलीकडे कुत्रं भुंकलं. बाल्दोमेरोंनी मांडीवरची टोपी उचलली आणि परत ठेवली.

"कुठलं शेड?" त्यांनी विचारलं.

एलोइसा बोलणार, एवढ्यात चोनिताने एप्रनला शांतपणे हात पुसले.

"माझं, बाल्दो. आणखी कुठलं असणार?"

रोहेलिओ एकदा आत्याकडे, एकदा बापाकडे बघत राहिला. "काय चाललंय हे?"

सहा वर्षांपूर्वी चोनिताने भाचीच्या हातात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता. आत फळांच्या पेट्यांवर चिकटवायची रंगीत लेबलं होती, पिवळ्याधमक ग्रेपफ्रूटची, आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं एकेक गाणं. खाडाखोडीसकट. अकरा लेबलं, अकरा गाणी, सगळी माएस्त्रो बाल्दोमेरो सामारिपांची म्हणून अख्ख्या खोऱ्याला तोंडपाठ असलेली. अट एकच होती: बाल्दो जिवंत आहे तोवर नाव घ्यायचं नाही. एलोइसाने ती अट पाळली होती, आणि त्या पाळण्यानेच तिचा घात केला होता.

"म्हणजे ती गाणी अपांची नाहीत?" रोहेलिओने विचारलं.

"तुझ्या बापाने माझा जीव वाचवला, ते आधी ऐक," चोनिता म्हणाली. "नवऱ्याला सोडून मी आमच्या बापाच्या घरी परत आले होते. छप्पन साल. पापा आन्सेल्मोंना माझ्या खिशात एक लेबल सापडलं. 'दाराला कडी मी घातली, आता तू बाहेरच राहा', असं काहीतरी गाणं. सभ्य घरातली बाई असलं लिहिते म्हणून ते मला रात्रीच्या रात्री घराबाहेर काढणार होते. तेव्हा हा मध्ये पडला. म्हणाला, गाणं माझं आहे, माझं अक्षर वाईट म्हणून हिच्याकडून लिहून घेतो. तीस वर्षांचा बाप्या, त्या वयात पट्ट्याचा मार खाल्ला याने. आणि मग खोटं टिकावं म्हणून ते गाणं रेकॉर्ड केलं."

"मग झालं तर," रोहेलिओ म्हणाला. "त्यांनी तुझ्यासाठीच केलं ना?"

"हो. एक वर्ष." चोनिता भावाकडे वळली. "सत्तावन्नमध्ये पापा गेले. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं तू कुणाला वाचवत होतास, बाल्दो?"

बाल्दोमेरो उठले. "माझ्याच घरात, ईस्टरच्या दिवशी, माझी चौकशी लावलीय," एवढंच म्हणून ते झाडांच्या दिशेने चालू लागले.

"बसा सगळे," रोहेलिओ म्हणाला. "हे इथेच संपलं. पाटीवर मजकूर ठरलाय, गीतकार आणि संगीतकार. तिया, तुला आजवर काही बोलायचं नव्हतं ना? अट तूच घातली होतीस."

"घातली होती. मला वाटलं हा माझ्याआधी जाईल. हा काही जात नाही."

नेल्दाला हसू आवरलं नाही. रोहेलिओने डोळे वटारले, तेव्हा ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? पाटी अजून ओतलेली नाही. मजकूर बदलता येतो."

"नेल्दा, तू यात पडू नकोस."

"अठरा वर्षं मी या टेबलावरची भांडी उचलतेय. यात नाही पडायचं तर कशात पडू?"

चोनिताने एलोइसाच्या केसांतला एक निळा कपटा काढला. "लिही माझं नाव," ती म्हणाली. "अट मी घातली, मीच काढली. पूर्ण नाव लिही."

*

बाल्दोमेरो ग्रेपफ्रूटच्या झाडाखाली उलट्या पेटीवर बसले होते. खरी गोष्ट अशी होती, आणि ती ते कुणालाही सांगू शकले नसते, की गेली कित्येक वर्षं त्यांना ती गाणी आपणच रचल्याचं आठवत होतं. कडीचं गाणं करताना आपण गॅरेजमध्ये बसलो होतो, बाहेर वारा सुटला होता, दुसऱ्या कडव्याला शब्द मिळत नव्हता, हे सगळं त्यांना दिसायचं. हजारदा लोकांनी विचारलं होतं, माएस्त्रो, कसं सुचलं? हजारदा त्यांनी सांगितलं होतं. सांगता सांगता गॅरेज उभं राहिलं, वारा सुटला. छप्पन साली त्या घराला गॅरेज नव्हतं, हे त्यांना आत्ता, चोनिता बोलत असताना आठवलं.

रोहेलिओ मागोमाग आला. "अपा, तुम्ही फक्त नाही म्हणा. बाकी मी बघतो. तिया दोन दिवसांत थंड होईल."

"त्या पत्रात काय लिहिलंय म्हणाली ती? खात्री पटत नाही?"

"हो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे एलोने ती बाई मनाने बनवलीय, असं त्यांना वाटतं. अशी कुणी नव्हतीच."

बाल्दोमेरोंनी मान वर केली. टेबलाशी त्यांची बहीण उभी होती, कंबरेवर हात ठेवून. उरलेलं मांस झाकून ठेवताना नेल्दाला काहीतरी हातवारे करून सांगत होती. त्यांना ती पंचवीस वर्षांचीही तशीच दिसली, ओठ फुटलेला, एका हातात पिशवी, दारात उभी.

"जा तू," ते मुलाला म्हणाले.

एलोइसा निरोप घ्यायला आली तेव्हाही ते पेटीवरच होते. तिने वाकून गालाला गाल लावला. त्यांनी लावून घेतला, पण हात उचलला नाही.

"तुझ्या शिक्षणासाठी मी किती लग्नं वाजवली, माहितीय?"

"माहितीय, अपा."

"त्याच गाण्यांवर."

"तेही माहितीय. म्हणूनच मला ते लपवून प्राध्यापक व्हायचं नाही."

"नाव लिहिलंस तर मला फोन करू नकोस."

लहानपणापासून त्यांच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नव्हती. घर सोडतानाही परवानगी मागून गेली होती. "लिहिणार आहे," ती म्हणाली. "तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही करा फोन."

*

सोमवारी सकाळी चोनिताच्या स्वयंपाकघरात, कॉफीची भांडी बाजूला सारून, दोघींनी जबानी लिहायला घेतली. एलोइसाने सुरुवात करून दाखवली: सन्माननीय समितीस नम्र विनंती.

"खोड ते," चोनिता म्हणाली. "मी कसली विनंती करतेय? लिही: मी एन्कार्नासिओन सामारिपा. मी अस्तित्वात आहे."

"तिया, असं लिहीत नाहीत."

"त्यांनी लिहिलं तेव्हा चाललं?"

एलोइसाने लिहिलं. मग चोनिता सांगत गेली. कुठल्या वर्षी कुठल्या सरकत्या पट्ट्याशी उभी होती, मुकादमाचं लक्ष नसताना लेबल कसं ब्लाउजमध्ये सरकवायची, घरी आल्यावर भिंतीवरची बारा तारांची बाहो गिटार काढून चाल कशी बसवायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तारांखाली फडकं घालून. तिसऱ्या गाण्यातला एक शब्द बाल्दोने रेकॉर्डवर चुकीचा गायला आहे आणि तेव्हापासून अख्खं खोरं तो चुकीचा गातंय, हेही तिने लिहायला लावलं. "हे तर पुरावाच आहे," एलोइसा सावकाश म्हणाली, आणि डबा उघडून ते लेबल शोधलं. पेन्सिलीतला शब्द वेगळा होता. आत्याचा होता तोच बरोबर होता. त्या शब्दाने कडव्याचा अर्थ लागत होता. एवढी वर्षं त्या ओळीवर वर्गात व्याख्यान देताना तिने तिच्यातून भलताच गहन अर्थ काढला होता.

"मी त्या चुकीवर एक अख्खा तास शिकवते," तिने कबूल केलं.

"आता दोन तास शिकव."

दुपारच्या सुट्टीत नेल्दा आली, शिक्का आणि वही घेऊन. काउंटीची नोटरी होती ती. चोनिताने ओळखपत्र काढून दिलं, तेव्हा नेल्दाने खरोखरच फोटोशी चेहरा ताडून बघितला.

"सुनेचा शिक्का चालेल का त्यांना?" चोनिताने विचारलं.

"शिक्का सरकारचा आहे, सासरचा नाही." नेल्दाने दाबून उमटवला. मग वही मिटताना म्हणाली, "रोहेलिओ कालपासून माझ्याशी बोलत नाहीये. घरात किती शांत वाटतं म्हणून सांगू."

पण गाडीत बसण्याआधी तिने एलोइसाचा हात धरला. "वाईट नाहीये गं तो. बापाचं नाव पुसलं जाईल याची भीती वाटतेय त्याला. मंडपाच्या त्या नावात त्याचंही थोडं नाव होतं ना."

*

बुधवारी विभागप्रमुखांनी एलोइसाला बोलावून घेतलं. माणूस सभ्य होता. दार स्वतः लावलं, खुर्ची ओढून दिली. अपील मागे घेतलंस तर मी उत्तम शिफारसपत्र देईन, ते म्हणाले. एखादं लहान कॉलेज तुला आनंदाने घेईल. अपील हरलीस तर मात्र ते कागदोपत्री राहतं.

"राहू दे," ती म्हणाली. "मलाही ते कागदोपत्रीच हवंय."

"मी तुझ्या भल्याचं सांगतोय, एलोइसा."

"माझ्या टेपा तळघरातल्या गळक्या पाइपाखाली ठेवल्या तेव्हाही तुम्ही भल्याचंच सांगितलं होतंत. मी प्लास्टिकचे कागद स्वतः आणले. तुम्हाला माझं भलं करायचं असेल तर समितीत मत कुणीकडे दिलंत ते सांगा."

ते खिडकीबाहेर बघू लागले. तिला उत्तर मिळालं. ती तिथून सरळ वर्गात गेली आणि तीनशे मुलांसमोर फळ्यावर मोठ्या अक्षरांत आत्याचं नाव लिहिलं. मग कडीचं गाणं लावलं. मुलांना पाठ होतं, ती गुणगुणू लागली. गाणं संपल्यावर तिने सांगितलं की गेली सहा वर्षं या गाण्याची रचनाकार तिने त्यांच्यापासून लपवून ठेवली होती, आणि ते का चुकलं. गाडीत येऊन बसल्यावर तिने मोबाइल उघडून बघितला. वडिलांचा फोन आला नव्हता.

*

गुरुवारी सकाळी नऊ वाजता नेल्दाने काउंटरवरून मान वर केली तर रांगेत सासरे उभे. दाढी केलेली, पांढरा शर्ट, टोपी डोक्यावर. हातात नंबराची चिठ्ठी. तिने खुणेने पुढे बोलावलं, तर त्यांनी मान हलवली. सातजणांनंतर त्यांचा नंबर आला, तेव्हा ते काउंटरशी येऊन उभे राहिले.

"एक कागद करायचाय," ते म्हणाले. "त्या युनिव्हर्सिटीच्या लोकांना."

नेल्दाने टाइपरायटरमध्ये कागद घातला. विचारायचं काही नाही, एवढं तिला कळत होतं.

"लिही. माझ्या बहिणीला अस्तित्वात नाही म्हणणारे तुम्ही कोण?"

"अपा, शपथपत्रात प्रश्न विचारत नाहीत."

"मग उत्तर लिही. ती आहे. माझ्यापेक्षाही घरात तिचाच आवाज चढलेला असायचा. चार दिवस झोप नाही मला. कुणीतरी परकं माणूस तीनशे मैलांवर खुर्चीत बसून सांगतं, चोनिता नव्हतीच."

नेल्दाने हळूच म्हटलं, "ती म्हणेल, तुम्हीही तेच करत होतात."

"म्हणाली. काल रात्रीचं जेवण घेऊन गेलो होतो तिच्याकडे. दारातच म्हणाली." त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. "बरोबर आहे तिचं. तेही लिही. पण मी केलं ते घरातलं आहे, त्याचा जाब ती विचारेल. त्यांनी विचारायचा नाही."

नेल्दा लिहीत गेली. मी, बाल्दोमेरो सामारिपा, शपथेवर सांगतो की माझ्या नावाने रेकॉर्ड झालेल्या बारा गाण्यांपैकी अकरा गाण्यांचे शब्द आणि चाल माझी बहीण एन्कार्नासिओन हिची आहे. सुरुवातीला ते मी तिच्यासाठी लपवलं. नंतर माझ्यासाठी. इथे येऊन ते थांबले.

"बारावी ती पोल्का, ती माझी. तेही घाल."

"ते त्यांनी विचारलेलं नाहीये, अपा."

"मी सांगतोय. माझी आहे. सगळं तिचंच नाही."

तिने ते घातलं. सही करताना त्यांचा हात नेहमीसारखाच भरघोस वळला, लोकांच्या गिटारींवर आणि रेकॉर्डांवर केलेल्या शेकडो सह्यांसारखा. मग टोपी घालून निघून गेले.

शुक्रवारी दुपारी साडेबाराला विभागाच्या फॅक्समधून वडिलांच्या शपथपत्राची दोन पानं बाहेर आली. एलोइसाने ती उभ्यानेच वाचली, परत वाचली. मग पानाच्या वरच्या कडेला छापून आलेली बारीक ओळ तिच्या नजरेस पडली. पाठवणाऱ्याचं नाव काउंटीच्या कचेरीचं नव्हतं. हायस्कूलचं होतं, प्राचार्यांचं कार्यालय. खाली भावाच्या घाईच्या अक्षरात दोन ओळी होत्या: *आमचं मशीन जास्त स्पष्ट छापतं. पाचच्या आत दे.*

तिने चार वाजून दहा मिनिटांनी अपील दाखल केलं. आत्याची जबानी, वडिलांचं शपथपत्र, अकरा लेबलांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती. सगळ्यात वर तिचं स्वतःचं एक पान होतं. लेखिका विषयाच्या फार जवळ आहे या आक्षेपाला त्यात एका ओळीचं उत्तर होतं: जवळ होते म्हणूनच डबा माझ्या हाती आला.

*

निर्णय जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. पाच विरुद्ध चार. पत्रात माफी नव्हती, अभिनंदन होतं, आणि तळघराऐवजी टेपांसाठी दुसऱ्या मजल्यावर खोली देण्याचा विचार होईल असं एक वाक्य होतं. एलोइसाने ते वाक्य अधोरेखित करून "विचार कधी होईल?" असं विचारणारं पत्र त्याच दुपारी पाठवून दिलं. मग चोनिताचा नंबर फिरवला. फोन उचलला बाल्दोमेरोंनी.

ईस्टरपासून दोन महिने त्यांचा आवाज तिने ऐकला नव्हता.

"अपा? तुम्ही तिथे काय करताय?"

"भांडतोय," ते म्हणाले. मागून चोनिताचा आवाज येत होता, आणि नेल्दाचा, आणि मधेच रोहेलिओचा, एका वेळी एकाने बोला म्हणून. "मंडपाचं सप्टेंबरवर ढकललंय. पाटीवर दोघांची नावं. तुझी आत्या म्हणते तिचं आधी."

"मला ठेवलं त्यांनी, अपा. आज पत्र आलं."

त्यांनी फोन बाजूला धरून घरात सांगितलं, "ठेवलं तिला." आणि तिथला गलका एकदम थांबून दुसऱ्याच तऱ्हेने सुरू झाला. एलोइसाने डोळे पुसले.

"ऐक," बाल्दोमेरो पुन्हा फोनवर आले. त्यांचा आवाज बसला होता, पण त्यांनी तो खाकरून नीट केला. "तू आता कायमची शिकलेली आहेस. तूच सांग. वयाने मोठा कोण?"

"तुम्ही, अपा."

"मग?"

"अकरा आणि एक, अपा."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"त्या एकावर," ते म्हणाले, "म्हातारेसुद्धा नाचायला खुर्चीतून उठतात. ते लिहिलंयस का कुठे?"